पेशंट भिंतीला उलटी उभी

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी आमच्या लातूरच्या जिम्नॅस्टिक्सच्या सरांचा फोन आला. "ताई, घाबरू नका" म्हणाले... आणि मी तिथेच घाबरले. सातवीतली माझी लेक ईश्वरी बीमवरून उडी मारताना मॅटच्या कडेवर पडली होती. तळपायाचं हाड मोडलं होतं.

गुडघ्याखाली प्लास्टर बसलं. आमच्या मॅडम दुखतंय म्हणून रडल्या नाहीत, रडल्या त्या नांदेडच्या संघ निवड चाचणीसाठी. प्लास्टर निघालं की पाठोपाठ चाचणी. तोवर अंगातली ताकद गेली तर हे वर्ष गेल्यातच जमा.

सरांनी मार्ग काढला. चाचणीत फक्त बारवरचे प्रकार करायचे, उतरताना ते खालून धरतील, मार्क कटले तर कटले. तोवर घरी रोज भिंतीला हँडस्टँड, म्हणजे हातांवर उलटं उभं राहायचं. डॉक्टर हो म्हणाले, पण एका अटीवर... मोडलेला पाय जमिनीला टेकता कामा नये. म्हणजे दरवेळी कुणीतरी मोठ्या माणसानं तिचे दोन्ही पाय धरून तिला अलगद खाली घ्यायचं.

ते मोठं माणूस म्हणजे मी. नवरा दिवसभर दुकानात. आणि आमच्याकडे कुणाचा पाय मोडला की लोक बघायला येतात. एकटे नाही, गाडी करून येतात. बिस्किटाचे पुडे, केळी, डिंकाचे लाडू आणतात. पेशंटनं त्यांच्यासमोर पडून राहावं, जरा कण्हावं आणि कसं झालं ते पहिल्यापासून सांगावं, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

बेल वाजली की ईश्वरी लंगडी घालत पलंगावर. लोक गेले की पुन्हा भिंतीला. परत बेल... मी चहा ठेवू की पाय धरू? ना धड चहा होत होता, ना हँडस्टँड.

एका दुपारी पोरगी उशीत तोंड खुपसून म्हणाली, "मम्मी, राहू दे. नाही जायचं मला नांदेडला." मी म्हटलं, ऊठ, आता कुणीही येऊ दे, आणि तिला भिंतीला उभी केली.

तेवढ्यात उघड्या दारातून औशाच्या अक्का आत आल्या. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. कपाळावर विभूती, हातात जपमाळ आणि जिभेला अजिबात लगाम नाही.

"अगं बाई... पाय मोडला का डोकं? लेकराला उलटं कशाला टांगायलीस?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता, आत दूध उतू चाललं होतं. "अक्का, एवढे पाय धरा, प्लास्टर टेकू देऊ नका," म्हणत मी पळाले.

येऊन बघते तर अक्का पोरीचे पाय छातीशी धरून उभ्या, ओठ हलताहेत, बोटं माळेवर. ईश्वरीचं तोंड लालबुंद. मी म्हटलं, अक्का, सरांनी एकच मिनिट सांगितलंय. अक्कांनी मला नुसत्या डोळ्यांनी गप्प केलं. अर्धी माळ झाल्यावर तिला खाली घेतलं आणि म्हणाल्या, "मिनिटाचं मला कळत न्हाई. जप धरला होता, मधीच कसा सोडू?"

ईश्वरी धापा टाकत हसत होती. पाय मोडल्यापासून पहिल्यांदा हसली. म्हणाली, "आत्या, उद्या अख्खी माळ."

अक्का दोन दिवसांसाठी आल्या होत्या, प्लास्टर निघेपर्यंत राहिल्या. घरात त्यांचा कायदा सुरू झाला. बघायला आलात? आधी पोरीला खाली घ्या, मग चहा. देवणीचा माझा भाऊ आला, त्याला काहीच अवघड गेलं नाही, आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतोच. समोरचे रिटायर मास्तर मात्र पाय धरून भाषण करायला लागले. अक्का म्हणाल्या, "गुरुजी, बोलू नका, धरा." डिंकाचे लाडू सगळे मी संपवले. हाड तिचं मोडलं आणि भरले मी...

मध्ये एकदा सर येऊन गेले. अख्खी माळ होईपर्यंत ते घड्याळाकडे बघत उभे होते. "ताई, हे मी सांगितलं नव्हतं," एवढंच म्हणाले.

प्लास्टर निघालं, आम्ही नांदेडला गेलो. अक्का बरोबर होत्याच, त्यांना नको म्हणायची कुणाची हिंमत? बारवर पोरगी झकास. हँडस्टँडला तर परीक्षक मॅडमनी पेन खाली ठेवला.

मग उतरायची वेळ आली... आणि ती लटकूनच राहिली. सर खाली हात वर करून उभे, "सोड बेटा, मी आहे." सोडेना. पाय टेकू नको, पाय टेकू नको, हे रोज तिच्या कानावर आम्हीच घातलं होतं. आता तिला जमिनीचीच भीती वाटत होती.

आणि माझ्या शेजारून अक्कांचा आवाज गेला, "इशू, माळ झाली गं. ये खाली."

तिनं हात सोडले. सरांनी कमरेला धरलं, दोन्ही पाय मॅटवर आले, जरा डगमगली... आणि उभी राहिली. दोन्ही पायांवर. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, मला तिनं परीक्षकांना केलेला सॅल्यूटसुद्धा दिसला नाही.

संघात शेवटचं नाव तिचं आलं. आम्हाला शेवटचं चालतं. आमच्या घरी येऊन ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या सगळ्यांचे मनापासून आभार, चहा राहिला असेल तर या परत.

येताना लातूरच्या गाडीत ईश्वरी अक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. शेजारच्या बाईला अक्का सांगत होत्या, "माझी भाची हाय. मीच शिकवायले तिला." मी खिडकीकडे तोंड करून हसू दाबलं... खोटं आहे असं तरी कुठल्या तोंडानं म्हणू?