काकूंच्या डोक्यावरचा ब्लॉक

आमच्या कारखान्यातले किस्से मी मुद्दाम जमवत नाही. ते आपोआप साचतात, लेथखाली लोखंडाचा कीस साचतो तसे. सांगलीला घरी गेलो की मित्र विचारतात, "काय माने, इंदूरला नेमकं करतोस काय?" मी म्हणतो, "ब्लॉक उचलायचे चिमटे बनवतो." सगळे हसतात. मग मी एकेक सांगायला लागतो आणि हसता हसता त्यांचे डोळे मोठे होतात. माझे तर इथे आल्यापासून तसेच आहेत!

आधी चिमटा काय ते सांगतो. सिमेंटचे पोकळ ब्लॉक असतात ना, भिंतीत घालतात ते? मोठ्या मापाचा ब्लॉक एकट्याने उचलला की कंबर दिवसभर आठवण करून देते. आमचा चिमटा कात्रीसारखा. त्याचे दोन पाय ब्लॉकच्या दोन बाजूंना, पायांना आतून रबर, वर धरायला मूठ. वर ओढलं की पाय आवळतात. ब्लॉक जितका जड, तितकी पकड घट्ट. खाली टेकवला की आपोआप सैल. हाताने वापरा, नाहीतर साखळीच्या कप्पीला टांगा. बटण नाही, मोटर नाही, काही नाही.

हा बनवला आमच्या मालकांनी, नानांनी. यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. नानांनी जन्मभर लोखंडी गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या केल्या आणि साठी उलटल्यावर हा चिमटा डोक्यात घेतला. सांवेरच्या रस्त्यावर त्यांचं शेड आहे. तिथे मी इंटरव्ह्यूला गेलो, तिथपासूनच सुरुवात करतो.

* * *

शेडमध्ये खुर्ची दिसेना. मध्ये साखळीला एक चिमटा टांगलेला, त्यात एक ब्लॉक, जमिनीपासून चांगला कमरेइतका वर.

"बसा ना माने भिया," नाना म्हणाले (इंदूरला भाऊ म्हणजे भिया) आणि ब्लॉककडे बोट दाखवलं.

मला वाटलं, चेष्टा करतात. पण ते गंभीर! नोकरी तर हवी होती. मी हळूच त्या ब्लॉकवर बसलो. पाय लोंबकळत होते, हातात फाईल, आणि झोपाळ्यावरच्या नवरदेवासारखा मी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सची उत्तरं देत होतो. नाना मधून मधून झोकाही देत होते.

शेवटी विचारलं, "भीती वाटली?"

मी छाती काढून म्हणालो, "अजिबात नाही, सर."

"मग तुमचं इंजिनिअरिंग थोडं कच्चं आहे भिया. कालपर्यंत हा निसटून राहिला होता!"

मी उडी मारून खाली आलो. नोकरी मिळाली. पण त्या दिवसापासून मी या शेडमध्ये कुठेही बसण्याआधी वर बघतो.

* * *

"भीती वाटली?" हा नानांचा लाडका प्रश्न. चिमटा दाखवून झाला की समोरच्याला हा प्रश्न ठरलेला. त्याला न घाबरणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे काकू. नानांच्या सौभाग्यवती.

छत्रीबागेतल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा नानांनी चिमटा थेट स्वयंपाकघरात आणला. कौतुकाने ओट्यावर ठेवला. काकूंनी गरम पातेलं सांडशीने उतरवलं, चिमट्याकडे पाहिलं, पुन्हा सांडशीकडे पाहिलं.

"अच्छा! म्हणजे माझी सांडशीच मोठी केली की तुम्ही. यात तुमचं काय?"

आणि बघायला म्हणून त्यांनी पुरीच्या पिठाचा तेलकट हात पुढे केला. नाना किंचाळले, "रबराला तेल नको! तेलाचा थेंब लागला तर ब्लॉक निसटेल, कुणाचा तरी जीव जाईल!"

मी हातातला घास खाली ठेवला. काकूंनी मात्र शांतपणे हात धुतला आणि फैसला सुनावला. "ऐका. दसऱ्यापर्यंत एक पक्की ऑर्डर आणा. नाही आली तर हे खूळ बंद. परत गेटं आणि जाळ्या. खूप झालं."

 नानांचं जेवण अर्धंच राहिलं. मला तेव्हा कळलं की हा माणूस पुन्हा जाळ्या करायला लागला तर आतून संपेल.

* * *

मग सांवेरहून फोन आला. एका ठेकेदाराने आमचे काही चिमटे वापरून बघायला नेले होते. तो खूश! "नानाजी, जबरदस्त चीज़ है. रोज काम आ रही है. आकर देखो."

नानांनी नवा सदरा घातला. आम्ही मोटारसायकलवरून सांवेर गाठलं. साइटवर सगळे ब्लॉक तसेच रचून ठेवलेले, चिमटे गायब. ठेकेदार म्हणाला, "यहाँ नहीं, उधर," आणि आम्हाला मागच्या मांडवात घेऊन गेला.

तिथे लग्न होतं. आचाऱ्याची माणसं आमच्या चिमट्यांनी डाळीचं उकळतं भगोनं चुलीवरून उतरवत होती. ठेकेदाराने चिमटे लग्नसराईत भाड्याने दिले होते!

आचारी नानांच्या पायाच पडला. "आपने बनाया? हाथ बच गए हमारे."

काकूंची सांडशी खरी ठरली, हे नानांना फार लागलं. पण माझं लक्ष चिमट्याच्या पायांकडे होतं. मी म्हणालो, "भिया, इसमें रबर था ना?"

आचाऱ्याने चिमटा उलटसुलट करून पाहिला. "रबर? कौन-सा रबर?"

मग आम्ही सगळ्यांनी हळूहळू डाळीकडे पाहिलं. पहिली पंगत उठत होती.

* * *

यानंतर नाना म्हणाले, ठेकेदार नको, सरळ मजुरांना देऊ. एका साइटवर डोक्यावरून ब्लॉक वाहणाऱ्या बायका होत्या. नानांना हे दृश्य बघवत नसे. चिमटा सुचला तोच मुळी यामुळे. त्यांनी ताराबाई नावाच्या मुकादमिणीला चिमटे दिले, वापरून दाखवले आणि म्हणाले, "अब बोझ सिर पर नहीं, बाई. हाथ में."

आठवड्याने आम्ही बघायला गेलो. मी फाटकातच थिजलो. बायका रांगेने चालल्या होत्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ब्लॉक, आणि ब्लॉकवर चिमटा! आधी नुसता ब्लॉक होता, आता त्यात आमच्या लोखंडाची भर.

 नाना म्हणाले, "बाई, ये क्या? ये तो और भारी हो गया!"

"हो गया," ताराबाई म्हणाली, "पर पकड़ने को हैंडल तो मिला. पहले दोनों हाथ लगते थे, अब एक खाली है."

"खाली हाथ से क्या करती हो?"

ताराबाईने तो मोकळा हात वर केला. त्यात मोबाइल होता. ती तिथूनच तिच्या बहिणीला व्हिडिओ कॉलवर आम्हाला दाखवत होती.

* * *

दसरा जवळ आला तसे नाना देवाकडे वळले. लोक नवी गाडी खजरानाला गणपतीपुढे नेतात, तसा हे चिमटा घेऊन गेले. मागे मी. गुरुजींनी आधी "गाड़ी कहाँ है?" विचारलं. नानांनी चिमटा पुढे केला. गुरुजींनी खूप काही पाहिलेलं असावं, कारण त्यांनी निमूटपणे कुंकू लावलं, दोरा बांधला, नारळ फोडला आणि सवयीने म्हणाले, "अब इसे थोड़ा चलाकर दिखाओ."

नाना ब्लॉक शोधायला लागले. शेजारच्या फुलवाल्याच्या दुकानाखाली एक होता. मी ओरडेपर्यंत नानांनी त्याला चिमटा लावला आणि ब्लॉक झोकात वर उचलला.

त्या ब्लॉकवर दुकानाची फळी होती, फळीवर बांबू, बांबूवर ताडपत्री. सगळं दुकान एका बाजूला बसलं! झेंडूचे हार, नारळ, मोदकांचे डबे पायऱ्यांवरून गडगडत निघाले. भाविक वेचायला धावले. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

ताडपत्रीखालून फुलवाल्याचं डोकं बाहेर आलं. केसात शेवंती. नाना अजून ब्लॉक हातात धरून उभे. फुलवाला क्षणभर चिमट्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पकड़ तो पक्की है भिया. अब वापस भी रख दो!"

* * *

आणि आता तो किस्सा, जो मी नेहमी शेवटी सांगतो.

एका मोठ्या बिल्डरच्या ऑफिसात साठे मॅडम म्हणून इंजिनिअर होत्या, नाशिकच्या. त्यांना चिमटा बघायचा होता. पसंत पडला तर सगळ्या साइटना घेणार होत्या. ही शेवटची संधी. नानांनी पंचांग काढून चांगला दिवस शोधला आणि मॅडमना कळवला. नवमी.

मी मॅडमना घेऊन शेडवर आलो आणि दारातच पाय थबकला. खंडेनवमी! नानांच्या घरी पणजोबांच्या तलवारीची पूजा होते आणि कारखान्यात सगळ्या हत्यारांची. हातोडे, पाने, ड्रिल, सगळे धुऊनपुसून, तेल लावून, झेंडू वाहून मांडलेले. मध्ये साखळीला डोक्याच्याही वर चिमटा, त्यात ब्लॉक टांगलेला, ब्लॉकला हार. आणि नानांच्या घरचा नियम असा, की पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही. म्हणजे वर्षातल्या ज्या एकाच दिवशी चिमटा चालणार नाही, तोच दिवस नानांनी शोधून काढला होता!

"चला, दाखवा," मॅडम म्हणाल्या.

आमचा वेल्डर रामेश्वर आडवा आला. "आज औज़ार नहीं चलेगा, मैडम."

नानांनी हात जोडले. "उद्या या ना, मॅडम. प्लीज."

"उद्या मी नाशिकला असेन. आणि परत येईन तोवर आमची खरेदी झालेली असेल."

नानांचा चेहरा पाहवेना. एका बाजूला चिमटा, दुसऱ्या बाजूला पणजोबा. त्यांचा हात साखळीकडे गेला आणि परत आला. मी रामेश्वरला बाजूला घेतलं. "ब्लॉक तो पहले से टंगा है. इसे ज़रा-सा नीचे ले लो."

"नहीं भिया. मैंने ही टाँगा है, पूजा के लिए. अकेला चिमटा टाँगते तो भगवान को कैसे पता चलता कि ये किस काम का है?"

 तेवढ्यात माझं लक्ष चिमट्याकडे गेलं. रबराच्या कडा चमकत होत्या.

"रामेश्वर, रबर पर तेल है?"

"सब औज़ारों पर लगा है. तेल लगा, उसके बाद टाँगा."

 आणि मग मी खाली पाहिलं. ब्लॉकच्या बरोबर खाली काकू बसल्या होत्या! नैवेद्य घेऊन आलेल्या, पाटासमोर वाकून निवांत रांगोळी काढत होत्या.

नानांनीही तेव्हाच ऐकलं, तेव्हाच पाहिलं.  वरून तेलाचा एक थेंब रांगोळीवर पडला. काकूंनी पदराने तो टिपला आणि पुन्हा ठिपके जोडायला लागल्या.

"काकू, उठा!" मी कसाबसा म्हणालो. "वर बघा!"

काकूंनी वर पाहिलं. "हं. ब्लॉक आहे."

साठे मॅडमनी लांबूनच विचारलं, "काकू, भीती नाही वाटत तुम्हाला?"

"कशाची? यांनी बनवलाय ना? मग पडायचं काय कारण?"

त्यांनी रांगोळी पुरी केली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. निरांजन लावलं. मग गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठल्या आणि नानांना म्हणाल्या, "तुम्ही काय बघत उभे? प्रसाद द्या मॅडमना."

मॅडमनी हातावर प्रसाद घेतला. एकदा काकूंकडे, एकदा ब्लॉककडे पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "चालवून दाखवायची काही गरज नाही." आणि तिथे उभ्या उभ्या ऑर्डर पक्की केली.

नाना मटकन जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडलो, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. उत्तरपूजा झाली. रामेश्वरने साखळी सैल करायला घेतली. ब्लॉक हलला मात्र, चिमट्यातून सुळकन निसटला आणि कालच्या रांगोळीवर पडून दोन तुकडे झाला! 

मग नाना रामेश्वरवर कडाडले. "रबर को तेल लगाने को किसने बोला था तुझे?"

रामेश्वर घाबरून दोन पावलं मागे सरला. "मैंने नहीं लगाया, नानाजी! मैंने तो बस टाँगा. तेल तो काकीजी ने लगाया. अपने हाथ से."

काकू दाराशी आपट्याची पानं वाटत होत्या. त्या आत आल्या. त्यांनी तुकड्यांकडे एकदा पाहिलं, नानांच्या हातात सोनं ठेवलं आणि विचारलं,

"भीती वाटली का हो?"