मनोऱ्याला हात टेकणारा

सिहोऱ्याची बस पंक्चर झाली, म्हणून मी गव्हाच्या शेताशी उतरलो. तिथे विजेच्या नव्या लाइनचा मनोरा होता. तारांत अजून वीज सोडलेली नव्हती. गाभण म्हशीच्या पोटावर ठेवावा तसा मनोऱ्याच्या पायावर तळहात ठेवून एक माणूस डोळे मिटून उभा होता.

"काय पाहून राहिले, भैया?" मी विचारलं.

"हात लावा न जी." बोली आपलीच, नागपूरकडची.

खाली ओंबीसुद्धा हलत नव्हती. पण लोखंडाला हात लावला आणि तळव्यात बारीक थरथर उतरली. इतकी वर्षं मी शाळेत कंपनं फळ्यावर काढतो. हाताला लागली ती त्या दिवशी.

"वादळाले मी नाही भेत," तो म्हणाला. "ते येते अन् जाते. हा हळू वारा दिवसभर तार हलवत राह्यते, अन् एक दिवस तोडते."

मग तो वर चढला. डंबेलसारखी लोखंडी वजनं दोरानं ओढून घेतली आणि एकेका तारेला अडकवली. उतरल्यावर त्यानं पुन्हा हात टेकला, मलाही खुणावलं. थरथर जवळजवळ निवली होती.

बस निघाली, तेव्हा तो पुढच्या मनोऱ्याशी डोळे मिटून उभा होता. त्याच्यापुढे थेट डोंगरापर्यंत मनोरेच मनोरे होते.