सबनीस सरांचं मार्गदर्शन

सबनीस सर नव्या मुलाला नाव विचारत नसत, गाव विचारत. "कुठलं गाव?" मुलगा कर्जतच्या बाजारपेठेतला किंवा रेल्वे क्वार्टर्समधला असला, की पुढचा प्रश्न वडिलांविषयी येई. भिवपुरीच्या वीजघराच्या वसाहतीतला असला, तर सर हसतसुद्धा. शेताबांधावरच्या एखाद्या गावाचं नाव निघालं, की नुसतं "हं" म्हणून ते पुढच्या मुलाकडे वळत. कर्जतच्या त्या शाळेत आठवीत गेले तेव्हा मला तो "हं" मिळाला. माझ्या मागे उभ्या असलेल्या यमुनेलाही मिळाला. आम्ही दोघी एकाच गावच्या, भिवपुरी स्टेशनात उतरून बांधाबांधाने चालत घरी जाणाऱ्या.

सर जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं म्हणतात, तर जे चांगलं आहे ते आधी सांगते. त्यांच्यासारखी भूमिती शिकवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. एकदा त्यांनी आख्खा वर्ग मैदानात नेला आणि एक काठी रोवून, तिच्या सावलीवरून आमच्याकडूनच चिंचेच्या झाडाची उंची काढून घेतली. फळ्यावर आकृती काढली, की खडू खाली ठेवून म्हणत, "घाई नको. तिच्याकडे बघत बसा, ती आपण होऊन बोलेल." वर्ग चिडीचूप होई. आपण या माणसाला घाबरतो, हेसुद्धा मी तेवढ्यापुरती विसरायची.

पण शाळेने त्यांच्याकडे आणखी एक काम दिलं होतं. गणित-शास्त्र विभागाचे ते प्रमुख होतेच, शिवाय विद्यार्थी मार्गदर्शनही त्यांच्याकडे होतं. प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात त्यांचं टेबल असे. आठवी संपताना एकेकाने त्या टेबलापुढे उभं राहायचं आणि नववीला बीजगणित-भूमिती आणि शास्त्र कुणी घ्यायचं, सामान्य गणित कुणी, ते सर ठरवणार. सामान्य गणित मिळालं, की शास्त्राच्या कॉलेजचं दार तिथेच बंद. "झेपेल तेवढंच उचलावं माणसानं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खेड्यांतून आलेल्या मुलांना ते हमखास ऐकावं लागे. मुलं त्या टेबलाला 'छाटणी' म्हणत. "आज तुजी छाटणी हाय का रं?" असं एकमेकांना विचारत आणि हसत. ज्याची पाळी असे, तो हसत नसे.

यमुना आमच्या वर्गात भूमितीत सगळ्यांच्या पुढे होती. एकदा सरांनी फळ्यावर एक प्रमेय सिद्ध केलं, तर दुसऱ्या दिवशी यमुनेने तेच वेगळ्या वाटेने, दोन पायऱ्या कमी करून आणलं. सरांनी तिची वही बराच वेळ पाहिली.

"कुणाचं बघून केलंस?"

"कुनाचा नाय बघितला सर. माज्या मनानं केला."

"'नाय' नाही. 'नाही'," सर म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला. यमुनेने वही घेतली आणि जागेवर जाऊन बसली. सिद्धता बरोबर की चूक, ते सरांनी सांगितलंच नाही.

छाटणीच्या दिवशी सर तिला म्हणाले, "सामान्य गणित घे. भात लावायला भूमिती लागत नाही." मलाही तेच.

घरी मी जेवले नाही, एवढंच. बाबांनी कारण विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा आणि टोपी घालून ते माझ्याबरोबर शाळेत आले.

"सर, पोरीला शास्त्र द्या," बाबा म्हणाले.

"तुमच्या भल्याचंच सांगतोय मी. तिला झेपणार नाही."

"आमचं भलं आमी बघू. तुमी शिकवा."

"आणि नापास झाली तर?"

"तर माजी पोर नापास होईल. तुमी कशाला भिताय?"

सरांचा चेहरा लालबुंद झाला. बाबा तिथेच व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले. मधली सुट्टी झाली, मुलं त्यांना ओलांडून जाऊ लागली, तरी उठेनात. शेवटी हेडमास्तर आले. त्यांना कुणाचंच मन मोडवत नसे. "असू द्या हो सबनीस, एका मुलीचा तर प्रश्न आहे," असं म्हणून ते सुटले.

बाबा उठले आणि म्हणाले, "यमुनेला पन द्या."

"तिचे वडील तुम्ही का?" सरांनी विचारलं.

यमुनेचे वडील नव्हते. आई होती. संध्याकाळी बाबा तिच्याकडे गेले, तेव्हा ती म्हणाली, "सर बोलतात तर बरोबरच आसंल दादा. आमी काय सांगनार त्यांना?"

मला विषय मिळाले, सर मात्र मिळाले नाहीत. पुढची तीन वर्षं त्यांनी मला वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. मी हात वर केला, की त्यांची नजर माझ्या शेजारच्या बाकावर जाई. प्रयोगाच्या तासाला बाकीचे प्रयोग करत आणि मी परीक्षानळ्या धूत असे. एकदा धीर करून शंका विचारली, तर म्हणाले, "पाठ कर. तुमच्याकडे ओव्या पाठ करतात ना, तसं." मी त्यांचा द्वेष करायला शिकले ते तेव्हा, आणि तो धडा मला चांगला झेपला.

भूमिती मला शिकवली ती यमुनेने. स्टेशनावरून घरी जाताना मी वर्गात झालेलं सांगायची. ती काटकीने बांधाच्या मातीत आकृती काढायची, जराशी उभी राहायची आणि म्हणायची, "हां, आसा हाय तर." मग मला समजावून द्यायची. दहावीत असतानाच तिचं लग्न झालं. चौक गावाला हायवेवर तिच्या नवऱ्याचं गॅरेज होतं. अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, मी त्या बांधावरून एकटी चालले.

मी पास झाले, चांगल्या मार्कांनी. पेढे सरांनाही द्यायचे, असा बाबांचा हट्ट. सरांनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाले, "मी अडवलं म्हणून इरेला पेटलीस. हेही मार्गदर्शनच." बाबा हसले. मी नाही हसले.

पुढे मी बी.एस्सी., बी.एड. झाले आणि त्याच शाळेत गणित शिकवायला लागले. सरांबरोबर काही वर्षं एकाच शिक्षकखोलीत काढली. आम्ही कामापुरतं बोलत असू. मी खेड्यातली मुलगी शास्त्राला घेतली, की ते नुसते चष्म्यावरून बघत.

ते निवृत्त झाले तेव्हा मोठा समारंभ झाला. शिस्तप्रिय, करडे पण प्रेमळ, असं एकेक जण बोलत होता. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुम्ही तर सरांच्या विद्यार्थिनी. बोला."

मी उभी राहिले. म्हटलं, "सरांसारखी भूमिती मला आजही शिकवता येत नाही. ती त्यांनी मला शिकवायचं टाळलं, आणि माझ्यापेक्षा हुशार असलेल्या यमुनेला शिकवलीच नाही." आणि खाली बसले. टाळ्या वाजल्या नाहीत. कुणीतरी घाईघाईने हार पुढे केला.

चहाच्या वेळी सर माझ्याकडे आले. ते चिडतील, आणि चिडले तर काय बोलायचं, याची मनाशी तयारी करून मी उभी होते.

"कोण यमुना?" त्यांनी विचारलं.

ते खरंच विचारत होते. मी सांगितलं: तुमच्याच वर्गातली, माझ्या शेजारी बसायची, प्रमेय वेगळ्या वाटेने सोडवून आणलं होतं. कपाळाला आठ्या घालून त्यांनी थोडा वेळ आठवून पाहिलं.

"नाही आठवत. पुष्कळ मुली होत्या तशा," असं म्हणून त्यांनी बशी टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

पुढच्या रविवारी मी चौकला गेले. यमुना गॅरेजमागच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, तो प्रश्नसुद्धा. तिचा हात सुपातच थांबला.

"त्यांना मी आठवत नाय?" ती म्हणाली. "मला तर त्यांच्या चपलांचा आवाज पन आठवतो गं."