रफिकच्या गावचं बी

मंडळी, आज दुपारी वरसे गावाहून पेणच्या खारपट्ट्यात माहेरी गेले होते. उधाणात बांध फुटून खाडीचं पाणी बाबांच्या शेतात शिरलंय. खाऱ्या जमिनीत येणारं आमचं नेहमीचं भातही यंदा करपलं.

मी आणि बाबा बांधावर उभे असतानाच कतारला कामाला असलेल्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या खोलीत राहणारा रफिक बांगलादेशचा. शेत बघून तो हिंदीत म्हणाला, "चाचा, आमच्याकडेही समुद्र असाच शेतात येतो. पण गावातलं भाताचं एक वाण त्यातही तगलं."

बाबांचा चेहरा एकदम उजळला. "मंग मूठभर बी पाठव ना रे!"

रफिकने भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "बाबा, दुसऱ्या देशातून असं बी आणता येत नाय. दोन्ही सरकारांनी ठरवायला लागतं."

फोन ठेवल्यावर बाबांनी मला विचारलं, "शेजारीच हाय ना त्यांचा देश? मंग कधी ठरवतील? तू शाळेत शिकवतेस, तुला म्हाईत असंल."

"विचारून सांगते," मी म्हटलं. भरती चढायला लागली, तसे आम्ही घरी आलो.

तुमच्यापैकी कोणाला माहीत आहे का, रफिकच्या गावचं बी आपल्याकडे कधी येऊ शकेल, हे विचारायचं तरी कुणाला?