मोटेच्या चाकाला गिरणीचं ग्रीस

गेल्या महिन्यात गावाकडे एक फजिती झाली... दुसऱ्या कुणाची नाही, माझीच.

मी सोलापुरात गिरणीत ऑइलमन आहे. इंजिनापासून छताखाली फिरणाऱ्या शाफ्टपर्यंत सगळ्या बेअरिंगांना तेल आणि ग्रीस घालायचं, हे माझं काम. नुसता पालथा हात लावून बेअरिंग तापलंय का ते सांगतो. कुठे जरा कुरकुरलं की सगळ्यांच्या आधी मला कळतं. सहा वर्षांत याचा थोडा गर्वच झाला होता म्हणा ना.

तर पाच महिन्यांनी तीन दिवसांची रजा मिळाली आणि जेऊरचं तिकीट काढलं. आमच्या खात्याचे मिस्त्री मोठ्या मनाचे. डबीभर ग्रीस मागितलं, तर त्यांनी हसत हसत दिलं. इतक्या दिवसांनी घरी जाणारा माणूस बायकोसाठी काय नेतो, आणि मी काय नेलं... ग्रीस! (बांगड्याही होत्या. अगदीच अरसिक समजू नका.)

ग्रीस हवं होतं आमच्या मोटेच्या चाकाला. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावरून, उतरायला लागले की भरलेली मोट विहिरीतून वर येते आणि वरचं लाकडी चाक असं करकरतं की दोन वावरं पलीकडे ऐकू जातं. लहानपणापासून तेच ऐकत वाढलो. पण गिरणीत सहा वर्षं काढल्यावर मला ते सोसेना. आपल्याच घरचं चाक असं ओरडावं म्हणजे काय... लाजच वाटायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बैल जुंपायच्या आत मी चाक उतरवलं. कणा, म्हणजे चाकाचा आस, घासून लख्ख केला, ग्रीस भरलं, चाक पुन्हा चढवलं. पहिली मोट वर आली... हूं नाही की चूं नाही.

"लई झ्याक की रं," आबा म्हणाले. आबा सहसा कुणाला चांगलं म्हणत नाहीत. मी मिशीवरून हात फिरवला.

दहा-पंधरा मोटा झाल्या असतील. बघतो तर घराकडून आमचं कुटुंब धावत येतंय. हात पिठाचे, पाय अनवाणी. आल्या आल्या ती आधी विहिरीत डोकावली. मग तिला धावेवर उभे असलेले आबा दिसले आणि ती तिथेच मटकन खाली बसली.

आबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बैल सोडून पाण्यावर घेऊन गेले.

"अवो, चाक का वाजंना?" तिला धाप लागली होती.

मी ऐटीत डबी दाखवली. तिनं डबीकडे बघितलंसुद्धा नाही.

"पुसा त्ये."

"अगं, चाक झिजायचं न्हाय. बैलास्नीबी हलकं जातंय..."

"पुसा म्हन्ते की! मागल्या साली मामंजी हितं चक्कर येऊन पडलं, तवा चाक थांबलं म्हनून मला कळलं. चाक वाजतंय तवर मानूस बरा हाय... घरात भाकरी थापताना मला येवढंच ठावं आसतं."

मग तिचा आवाज खाली आला. "तुमचं तर तेवढंबी ऐकू येत न्हाय. तुमच्या गिरनीत कोन तरी पट्ट्यात घावला म्हनून शिमग्याला ऐकलं. कोन त्ये कळायला आठ दीस लागलं... त्ये आठ दीस मी कसं काडलं आसतील?"

तो माणूस पट्ट्यात सापडला तेव्हा मी त्याच्या शेजारीच उभा होतो... हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

उठलो. चुलीतली राख आणली आणि चाक पुन्हा उतरवून सगळं ग्रीस पुसून काढलं. तेल घालायचाच पगार घेणारा माणूस मी, पुसायची वेळ पहिल्यांदाच आली.

"आठवड्याला एक कार्ड टाकीन," मी म्हणालो.

"मला कुटं वाचाया येतंय?"

"गुरुजी वाचून दावतील की."

"न्हाय वाचलं तरी चालंल," ती म्हणाली. "आलं म्हंजी झालं."

तिसऱ्या दिवशी सोलापूरला परत आलो. तिला इकडे आणावं असं फार वाटतं. पण आबा गाव सोडायचे नाहीत, आणि आमच्या खोलीत आम्ही सातजण पथाऱ्या टाकतो. आता दर रविवारी न चुकता कार्ड टाकतो. तिची काळजी मिटली असेल... माझी मात्र तेव्हापासून सुरू झाली. गिरणीत दिवसभर कानठळ्या बसतात, पण त्यातला एकही आवाज तिच्याकडचा नसतो. ती तापानं पडली तर मला कोण सांगणार? पाच-पाच महिने मी हा विचारही केला नव्हता, याची आता फार लाज वाटते.

मागच्या आठवड्यात आमच्या गावाजवळच्या केमचा एक सोबती गावाकडे निघाला. त्याच्याजवळ तिच्यासाठी सहा कोरी कार्डं दिली, सगळ्यांवर पत्ता माझाच घालून. निरोप दिला की कुणाकडून लिहून घ्यायला नको, गुरुजींना त्रास द्यायला नको. नुसतं आठवड्याला एक टपालपेटीत टाक.

आज जेवणाच्या सुट्टीत पहिलं कार्ड आलं. मागं-पुढं करून बघितलं, माझ्या पत्त्याशिवाय त्यावर एक अक्षर नाही. सोबतचे हसले...

मी खिडकीपाशी जाऊन ते तीनदा वाचलं. घरी सगळे बरे आहेत.