पंचविसाचं वर्तुळ आणि माझं नख

भोकाला बोट लावायचं नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एकदा नाही, तीनदा. तरी व्हायचं ते झालंच.

नीट सुरुवातीपासून सांगते. दोन हजार चार-पाचच्या सुमारास मी अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोला लेकीकडे राहत होते. लेक-जावई ऑफिसला, नात शाळेत, आणि मला ड्राइव्हिंग येत नाही, म्हणजे मी घरात. शेजारी जर्मन वंशाचं एक म्हातारं जोडपं होतं. नात त्यातल्या गृहस्थांना आजोबा म्हणायची, म्हणून मीही आजोबाच म्हणायला लागले. आणि लेक मला आई म्हणते हे ऐकून ते मला आई म्हणायला लागले. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा माणूस, कुंपणापलीकडून हाक मारायचा, "आई, टोमॅटो घेणार का?" माझं इंग्रजी मोडकंतोडकं, पण आमचं अडलं कधी नाही.

मी चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. आजोबांच्या बायकोचे, म्हणजे शेजारणीचे, पडदे तोकडे करून देताना मी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवला, ते तिने पाहिलं. म्हणाली, "अशा डोळ्यांची बाई आम्हाला क्लबात हवी आहे, गुण मोजायला."

लेक म्हणाली, "आई, बंदुकांचा क्लब? सीरियसली?"

"मी काय बंदूक उडवणार आहे? कागद बघायचाय," मी म्हटलं आणि डब्यात धपाटे भरून निघाले.

क्लब म्हणजे तासाभराच्या रस्त्यावर, शेतांच्या मधे एक लांब शेड. त्यांच्या पणजोबांनी जर्मनीहून येताना ही नेमबाजी बरोबर आणलेली. एका वेळी एकच गोळी बसणारी जड रायफल घेऊन उभं राहायचं आणि दोनशे यार्डांवरच्या कागदावर नेम धरायचा. कागदावर वर्तुळात वर्तुळ, मधला भाग काळा. मधलं पंचविसाचं, त्याच्या बाहेरचं चोविसाचं, असं कमी होत जायचं. दहा गोळ्या, आणि शेवटची नेहमी वेगळ्या कोऱ्या कागदावर. कागदावर नाव नाही, नुसता नंबर.

मोजायला आम्ही तिघी. भोक रेषेजवळ असलं तर गोळीच्या जाडीची पितळी खुंटी त्यात अलगद बसवायची, आणि ती रेषेला टेकली तर वरचा आकडा द्यायचा. खुंटी एकदाच घालायची. त्याआधी भोकाला हात लागला तर खालचा आकडा, मग नेमबाज कोणी का असेना. आणि नवऱ्याचा कागद आला की बायकोने उठून कॉफी प्यायला जायचं. हा नियम मला फार आवडला. आमच्याकडे स्वतःच्याच पोरांचे पेपर तपासणाऱ्या शाळेतल्या बाईंनाही लावायला हवा होता.

वर्षाच्या मेळाव्यात जो पहिला येईल त्याच्यासाठी एक लाकडी चकती रंगवून भिंतीवर टांगत. आजोबांच्या वडलांची चकती तिथे होती, आजोबांच्या आजोबांची होती. यांची नव्हती. चाळीस वर्षं खेळून नव्हती. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढच्या वर्षी तुम्हाला मधलं काळं दिसेलच असं नाही. म्हणजे हे शेवटचं वर्ष. त्यांनी गुपचूप वडलांच्या चकतीशेजारी खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. क्लबातले सगळे चिडवायचे, "खिळा पहिला आला, तू कधी येणार?"

मेळाव्याच्या दिवशी आजोबांनी नऊ गोळ्या फार सुंदर मारल्या. मग शेवटचा कागद टेबलावर आला. शेजारीण नंबर बघून उठली, कॉफीकडे गेली. तिसरी बाई खाली मान घालून आधीच्या नऊ गोळ्यांची बेरीज करत होती. भोक पंचविसाच्या रेषेला लागूनच होतं, पण फाटलेल्या कागदाचं एक टोक वर आलं होतं आणि नेमकं रेषेवर पडलं होतं.

ब्लाउजचे कागद कापणाऱ्या बाईला असं टोक दिसलं की तिचा अंगठा विचारायला थांबत नाही. मी नखाने ते सपाट केलं. मग खुंटी घातली. टेकली रेषेला, स्वच्छ टेकली.

"पंचवीस," मी म्हटलं, आणि बाईने लिहिलं. पंचवीस धरले तर आजोबा एका गुणाने पहिले. चोवीस धरले तर बरोबरी, आणि बरोबरीत शेवटची गोळी बघतात. बरोबरीतल्या दुसऱ्याची शेवटची पंचवीस होती, म्हणजे पहिला तो.

मला तेव्हा कळलं माझ्या अंगठ्याने काय केलं ते. कोणी पाहिलेलं नव्हतं. बाहेर आजोबा रायफल पुसत उभे होते. खोटं कशाला सांगू, मी गप्प बसायचं ठरवलंच होतं. पण बाई पुढचा कागद ओढायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला. "मी हात लावला," म्हटलं, आणि नख दाखवलं.

क्लबाचे प्रमुख आले, भिंग लावून बघितलं. "नखाने सपाट नसतं केलं तरी पंचवीसच असते बहुतेक," ते म्हणाले. "पण बहुतेकला आमच्याकडे आकडा नाही." आणि चोवीस लिहिले.

आजोबांना मीच जाऊन सांगितलं. ते बराच वेळ रायफल पुसत राहिले, पुसून झालेली जागाच परत पुसत. मग म्हणाले, "माझा बाप मोजायला असता ना आई, तर त्याने तेवीस दिले असते."

शेजारीण मात्र घर आल्यावर माझ्याकडे न बघता सरळ आत गेली. त्यानंतर तीन आठवडे टोमॅटो आले नाहीत. मी रोज कुंपणाकडे बघायचे. लेक म्हणायची, "आई, इट्स ओके, तू खरं बोललीस," पण खरं बोलल्याने शेजार भरत नाही. चौथ्या आठवड्यात शेजारीण दारात उभी, हातात पडद्यांचं गाठोडं. "हे दोन इंच तोकडे कर," म्हणाली, "आणि पडद्यांना हवं तेवढं नख लाव."

पुढच्या वर्षी आजोबा पुन्हा उभे राहिलेच. अकरावे आले. त्यांचा कागद आला तेव्हा मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते, खुंटी दुसरीनेच घातली. भिंतीवर वडलांच्या चकतीशेजारी तो खिळा अजून होता. काढायचं कोणी बोललं नाही. आजोबा शेडमध्ये शिरले की त्यावर टोपी अडकवायचे.