आंधळ्या चालीपुढे जोडी

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीने धारूरच्या खाली माळावर चारा छावणी काढली. सकाळी मी पत्रकं वाटायचो. चाऱ्याचं वजन सगळ्यांसमोर करा, एवढीच मागणी. दुपारी पत्र्याच्या सावलीत तीन पत्ती खेळायचो. पैसा कुणाकडेच नव्हता, म्हणून चिंचोके लावायचे. एक चिंचोका म्हणजे त्या दिवशीच्या वाट्यातली एक पेंढी. हरलेल्याने पेंढी स्वतः उचलून जिंकणाऱ्याच्या दावणीला नेऊन टाकायची, हा छावणीतला रिवाज.

आम्ही तिघं खेळायचो. एक बागायतदार काका, चिंचोक्यांचा ढीग मांडून बसणारे. दुसरा ऊसतोडीहून परतलेला मामा; त्याच्यापुढे चारच्या वर चिंचोके कधी नसत. काका चाल वाढवू लागले की माझ्याकडे जोडी असली तरी मी पत्ते टाकायचो. चांगले पत्ते येईपर्यंत थांबणं त्यांना परवडत होतं. मामापुढे मात्र तीच जोडी घेऊन शेवटपर्यंत जायचो. तो प्रत्येक डाव आंधळा खेळायचा, पत्ते न बघता. लोक त्याला उडाणटप्पू म्हणत आणि काकांच्या थांबण्याला अक्कल म्हणत. साफ चूक. दर डावाला एक चिंचोका मधे द्यावाच लागतो. चार असणारा थांबला तर बसल्या जागी संपतो. त्याने सगळं पुढे सारलं म्हणून त्याचे पत्ते भारी आहेत असं होत नाही. एवढं ओळखलं की साधी जोडी पुरायची.

मामाची म्हैस व्याली त्या दिवशी मी हे सगळं बाजूला ठेवलं. काकांनी पत्ते टाकले होते. मामाने उरलेले चिंचोके आंधळे सारले. माझ्या हातात दश्शीची जोडी होती.

"तुमचा डाव, मामा," म्हणून मी पत्ते पालथे टाकले.

त्याने ते उलटून बघितले.

"जोडी हाय की बे! टाकली कावून?"

"म्हशीला लागंल म्हणून."

"म्हैस तुझी हाय का? तिकडं सोसायटी वजनात मारती, हिकडं तू दान करायलास. लई मोठा झालास!"

काका हसले. "पुढच्या पत्रकात छाप की हे."

मामाने जिंकलेलं सगळं परत मधे ढकललं. "वाट. अन् नीट खेळ."

मी वाटले. काका बाहेर राहिले. मला एक्का, राणी, सत्ती आली. जोडी नव्हती, पण आंधळ्यापुढे तेवढं बास. बरोबरीचे चिंचोके टाकून मी शो मागितला. मामाने एकेक पत्ता कपाळाला लावून उघडला. बादशहा. नव्वी. चव्वी.

"आता बरोबर," तो म्हणाला.

पेंढ्या दोन्ही काखांत धरून त्याने माझ्या बैलांपुढे नेऊन टाकल्या, त्यांचे बंदसुद्धा स्वतःच सोडले. मग तसाच रिकाम्या हातांनी म्हशीकडे गेला. त्याला येताना बघून ती उठून उभी राहिली.